दोनदा सांगणारे डॉक्टर

कोपरीत आमच्या शेजारी गुरांचे एक सरकारी डॉक्टर राहत. कुणाच्याही गोठ्यात न विचारता शिरायचे, पागोटं काढून खुंटीला अडकवायचे आणि गाईच्या बरगड्यांना कान लावून डोळे मिटायचे. छातीत घरघर ऐकू आली की म्हणायचे, "हिला क्षय आहे. बाजूला बांधा, बाजूला बांधा! दूध उकळून प्या, उकळून प्या!" प्रत्येक सल्ला दोनदा. एकदा गाईला आणि एकदा मालकाला, असं आम्ही म्हणायचो. ऐकत मात्र दोघंही नसत.

एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. पंचामृताची पळी पुढे आली तसा डॉक्टरांनी हात मागे घेतला, कारण त्यात दूध निरसं.

"देवाला उकळलेलं चालत नाही हो," आई म्हणाली.

सगळे मजा बघत होते. नको म्हणावं तर देवाचा अपमान, घ्यावं तर स्वतःचाच सल्ला गिळायचा. डॉक्टर तडक उठले, गोठ्यात जाऊन आमच्या कपिलेला कान लावला आणि हसत परतले. "उत्तम आहे, उत्तम आहे!" म्हणत त्यांनी पंचामृत घेतलं.

तेवढ्यात भटजींना ढास लागली. डॉक्टरांनी त्यांच्या उघड्या पाठीलाही कान लावून डोळे मिटले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. भटजीही हसले. "काय डॉक्टर, मलाही बाजूला बांधता की काय?"

"बांधायला हवं," डॉक्टर म्हणाले.

सवयीने आम्ही दुसऱ्यांदाची वाट पाहिली. ते पुन्हा म्हणालेच नाहीत.