बुडाला गार लागणारी जागा

आता हसणारच असाल तर हसा, पण हातातला चहा सांडू नका. चाकूरला माझं कापडाचं दुकान, चार लोकांत मान, आन् ह्या शहाण्यानं केलं काय म्हणता!

झालं असं, पोट दुखायलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणा म्हटलं. ती करून आलो तर डॉक्टर गावाला गेलेले! आता सोमवारीच भेटणार. गप रिपोर्ट घेऊन घरी यावं का न्हाई? पण मी तो उघडला. उजव्या किडनीत सिस्ट, असं लिहिलेलं. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं, ‘सिस्ट म्हणजे काय हो?’ तो गोळ्यांचं पाकीट कापता कापता म्हणाला, ‘गाठ.’

संपलं! पुढचं विचारायची हिंमतच झाली न्हाई. चाकूर येईपर्यंत माझ्या मयतीला कोण येणार, कोण न्हाई, सगळं ठरवून झालं.

घरी काही बोललो न्हाई. दुकानातली सगळ्यात भारी इरकल साडी नेऊन बायकोपुढं ठेवली. महानंदानं घडीसुद्धा मोडली न्हाई.

‘काय करून आलाव?’

‘काय न्हाई. सहज आणली.’

‘लग्न झाल्यापासून सहज कधी काही आणलं न्हाईत. खरं बोला!’

आता बघा, आमच्या लिंगायतांत माणूस गेला की जाळत न्हाईत. मांडी घालून मातीत बसवतात, बऱ्याचदा स्वतःच्याच रानात. मला वाटलं, जागा आपणच बघून ठेवावी. लुगडं घेताना बाई दहा घड्या मोडायला लावते, हे तर कायमचं बसणं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रानात गेलो. लिंबाखाली बसून बघितलं, मुळ्या टोचल्या. बांधाजवळ बसलो, मुंग्या चावल्या. मग वरच्या कोपऱ्यात मांडी घातली आन् डोळे मिटले. काय बरं वाटलं! तुरीत वारं वाजत होतं. वाटलं, हे सगळं असंच राहणार, फक्त बघायला आपण नसणार. लई रडू आलं हो. शेजारी महानंदापुरती जागा सोडली, चुन्यानं गोल आखला, मधी नारळ ठेवला, हात जोडले.

मागं वळतो तर धाकटा भाऊ, शिवलिंग. शेती तोच बघतो.

‘आप्पा, काय करायलाव?’

‘जागा बघायलो.’

‘हितंच का?’

ह्याला काय सांगू? म्हटलं, ‘हितं बसलं की बुडाला गार लागतंय रे.’

त्यानं नारळ बघितला, चुना बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं पाणाडे हातावर नारळ घेऊन रानभर फिरतात आन् बोरची जागा दाखवतात. पण माझ्या डोक्यात मरण सोडून दुसरं होतं कुठं?

‘पक्की का, आप्पा?’

‘पक्की. पण कुणाला बोलू नको.’

‘न्हाई बोलत,’ म्हणला आन् पायाच पडला. मला वाटलं, लेकराला सगळं कळलं! गळ्यात पडून रडलो. तोबी रडला. दोन बोर कोरडे गेले होते त्याचे, पाण्यासाठी रडणारच की.

सोमवारी महानंदा हट्टानं संगट आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आन् बाजूला ठेवला.

‘पोटात गॅस आहे. हरभऱ्याची डाळ कमी खा.’

‘आन् गाठ?’ मी म्हटलं. महानंदानं माझा हात गच्च धरला.

‘ही? साधी पाण्याची पिशवी आहे, काका. वय झालं की बऱ्याच जणांना असते. कळतही नाही.’

‘मग औषध?’

‘नाही.’

‘ऑपरेशन? फोडून तरी टाका!’

‘कशाला? ती तुम्हाला काही करत नाही, तुम्हीही तिला काही करू नका. कुशीत दुखलं, ताप आला, लघवीतून रक्त गेलं तर या. नाहीतर आत पाणी आहे, तर राहू द्या.’

तेवढ्यात फोन वाजला. शिवलिंग वरडत होता, मागं बोरची मशीन धडधडत होती.

‘आप्पा! पाणी लागलं! तुम्ही बसलेल्या जागी! काय फवारा उडायलाय!’

मी म्हटलं, ‘माझ्याबी आत पाणीच निघालं रे,’ आन् दवाखान्यातच खाली बसलो.

आता गावात मी मोठा पाणाड्या! लोक मोटारसायकलवर बसवून नेतात. ‘आप्पा, जरा आमच्या रानात बसून बघा.’ न्हाई कसं म्हणू? बसतो.

खरं काय ते एकट्या महानंदाला सांगितलं. शेजारी तिची जागा सोडली होती, तेबी सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी बायकोला आपली किंमत कळली.

मग म्हणाली, ‘अहो, परत कधी मरणाची भीती वाटली तर आधी मला सांगा. खालच्या तुकड्यातबी एक बोर पाहिजे.’