दुसऱ्याच्या हातचं माप

पडदेवाल्या ताईंना धाकट्या भावानं आपणहून बाहेर जेवायला नेलं, हेच मुळात नवल. आई गेली तेव्हा तो नववीत होता. तेव्हापासून ताईंनी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवून त्याचं शिक्षण केलं, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न 'बघू पुढे' म्हणता म्हणता राहूनच गेलं. मागच्या खोलीत त्यांचं मशीन, तिथेच अंथरूण. घर भावाच्या नावावर करताना त्यांनी कागद वाचलासुद्धा नव्हता.

"ताई, अजून सूप घ्या ना," भावजय म्हणाली.

"अगं, आज माझा वाढदिवस आहे की काय? एवढी सरबराई!" ताई हसल्या. "आणि हा का मिठाची गुळणी धरून बसलाय?"

भाऊ नूडल्स नुसत्या चिवडत होता.

आइस्क्रीम झाल्यावर भावजयीनंच शतपावलीचा विषय काढला. तिघं निघाली. दुकानांमागून दुकानं गेली, मग शांत गल्ली लागली. एका इमारतीपाशी ताई थबकल्या. दुसऱ्या मजल्यावर दिवा होता, आणि खिडकीत करड्या कापडाचे, निळ्या पट्टीचे पडदे. आपली शिलाई त्यांनी खालूनही ओळखली. गेल्या महिन्यात भावजयीनं ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी म्हणून मापं चिठ्ठीवर आणून दिली होती. स्वतः टेप धरल्याशिवाय ताईंनी कधी कात्री लावली नव्हती. या वेळी एकदाच लावली, घरचं माणूस सांगतंय म्हणून. आता पडदे चांगले वीतभर आखूड लोंबत होते.

"अगंबाई, तुझी मैत्रीण इथे राहते होय? लाज गेली माझी! चल वर, उद्याच खालची दुमड सोडून देते तिला."

भाऊ रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताई, मैत्रीण कुणी नाही. दुपारी आम्ही आलो होतो, दिवा तसाच राहिला."

वर एकच खोली होती. पलंग, शेगडी, नवी बादली. कोपऱ्यात ताईंचं मशीन, परवा सर्व्हिसिंगला म्हणून नेलेलं.

"आमच्या पोराला अभ्यासाला तुझी मागची खोली नको का?" भाऊ भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. "आणि दहा मिनिटांवर तर आहोत आम्ही."

"घरी सांगता आलं नाही?"

"घरी तुम्ही रडला असता, ताई," भावजय म्हणाली. "हॉटेलात चार लोकांत जरा बरं पडेल म्हटलं…"

"मग हॉटेलात तरी कुठे सांगितलंत?"

ताईंनी मशीनवरून हात फिरवला. सर्व्हिसिंग झालंच नव्हतं. चाक तसंच करकरत होतं.

"बरं. मी राहते आता इथे."

"आजच कशाला? पुढच्या महिन्यापासून ना! तुझे कपडे, औषधं…" भाऊ म्हणाला.

"सकाळी आणून द्या. रस्ता पाठ आहे तुम्हाला."

भावानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "जशी तुमची इच्छा." तिचा सुटलेला श्वास ताईंना स्पष्ट ऐकू आला. भावानं किल्ली ताईंच्या हातात दिली नाही, शेगडीशेजारी ठेवली आणि चपला शोधायला लागला.