सात आठांची साइट

आमच्या घरी दिवेलागणीला परवचा होतो. बंगळुरात सासरची तिसरी पिढी चालली, घरातली निम्मी भाषा कन्नड झाली, पण सासऱ्यांनी परवचा सोडला नाही. आधी शुभंकरोती, मग पाढे. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. तिसापर्यंतचे पाढे पाठ आणि त्याचा रास्त अभिमान. माझी तिसरीतली लेक त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि सगळे पाढे गाण्यासारखे म्हणून टाकायची. आम्ही खूश.

मग शाळेत बाई मधलंच विचारायला लागल्या. गाणं मधूनच सुरू होत नाही. ही 'सात एके सात'पासून ओठ हलवत यायची, तोवर दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर देऊन झालेलं असायचं. एका दुपारी डबा भरलेला तसाच परत आला. "आई, मी ढ आहे," ती म्हणाली. रडत नव्हती. तेच मला जास्त लागलं. रडली असती तर समजूत तरी घातली असती.

उपदेशाचा मला कंटाळा. मी पत्त्यांतून राजा, राणी, गुलाम काढून टाकले आणि चिंचोक्यांचा डबा जमिनीवर उपडा केला. दोन पानं उलटायची. सत्ती आणि अठ्ठी आली तर सात-सात चिंचोक्यांच्या आठ ओळी मांडायच्या. एकेक न मोजता एकूण किती ते सांगितलं तर तो चौकोन आपला, नाहीतर समोरच्याचा. लेकीने चौकोनाला लगेच 'साइट' म्हणायला सुरुवात केली. या शहरातलं मूल बोलायला लागल्यापासून 'थर्टी-फॉर्टी साइट', म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट, ऐकत असतं.

समोर सासरे बसले. पहिल्या संध्याकाळी सगळ्या साइट त्यांनीच घेतल्या. नातीला मुद्दाम जिंकू देणं त्यांच्या रक्तात नाही. "अज्जा, तुम्ही बिल्डर झालात," ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसली.

काही दिवसांनी तिला नेमकी सत्ती आणि अठ्ठी आली. या जोडीला ती घाबरायची. तिने ओळी मांडल्या, बघत राहिली, मग पट्टी घेऊन पाचव्या ओळीखाली ठेवली.

"वर पस्तीस. खाली एकवीस. छप्पन्न."

"बरोबर," सासरे म्हणाले. "पण असं तोडत बसलीस तर सगळे पुढे निघून जातील. पाठ पाहिजे, पाठ!"

तिचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं.

"बाबा, तिला आलंय. स्वतःचं स्वतः आलंय."

त्या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी पत्त्यांचा गठ्ठा जवळ ओढला. मी माफी मागितली नाही.

पुढची पाळी त्यांची. नव्वी आणि छक्की. 'चोपन्न' त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी नऊ-नऊच्या सहा ओळी मांडल्या आणि नातीकडे पट्टी मागितली. ती दुसऱ्या ओळीखाली ठेवली, उचलली, चौथीखाली नेली, पुन्हा उचलली. ते मुद्दाम करत होते की खरंच अडले होते, मला कळलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

लेक गुडघ्यांवर पुढे सरकली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"निधान, अज्जा, सावकाश," ती म्हणाली. "घाई नाहीये. सुरुवातीला वेळ लागतोच."