साय न धरणारं दूध

दूध काचेच्या पेल्यात ओतून मी फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. वर साय नव्हती. म्हणजे पांढुरका पापुद्रा होता, पण साय म्हणावी असं काही नाही. खाली निळसर, तांदूळ धुतल्याच्या पाण्यासारखं काहीतरी. आमच्या घरात दुधाची परीक्षा आयुष्यभर सायीवर झाली. दूधवाल्याने पाणी घातलंय का, ते साय सांगायची, आणि ती पातळ आली की आई दुसऱ्या दिवशी दारातच त्याची हजेरी घ्यायची. त्यामुळे पेल्याकडे बघताच माझा निकाल लागला. माझं दूध पाणचट होतं. यातला मूर्खपणा आज मला दिसतो. तेव्हा मी फ्रीजचं दार उघडं टाकून तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

रडायला कारणही होतं. मुलीचं वजन वाढत नव्हतं. आमच्या न्युरेम्बर्गच्या घरी हेबामे यायची, म्हणजे बाळंतिणीला घरी येऊन बघणारी सुईण. उंच, मोठ्या आवाजाची बाई. ती मुलीला कापडाच्या झोळीत घालून काट्याला टांगायची, आणि काटा स्थिर होईपर्यंत माझा जीव त्या झोळीबरोबर टांगलेला असायचा. त्या आठवड्यात तिने सरळ सांगितलं, की पुढच्या खेपेलाही वजन असंच राहिलं तर डॉक्टर वरचं दूध सुरू करायला सांगतील, आणि मग कदाचित सगळंच बाटलीवर जाईल. वरच्या दुधात काही वाईट नाही, हेही ती म्हणाली. मला ते पटत होतं. तरी मला तिला पाजायचं होतं. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या घरात मी एकटीने करायची म्हणून हीच एक गोष्ट होती, आणि तीच मला जमत नव्हती.

नवऱ्याची रजा संपली होती. तो सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली अंगणात सायकली, आणि दुपारी जिन्यात कुणाचं पाऊलही वाजायचं नाही. शेजारीण भेटली तर 'गोड आहे हं' म्हणून दार लावून घ्यायची. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलायचा तो फक्त फोन.

फोनवर सासूबाई असायच्या. सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्यांना पुणं सोडता येत नव्हतं, पण त्यांनी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याबरोबर अर्धी बॅग भरून डिंकाचे, अळिवाचे आणि मेथीचे लाडू पाठवले होते.

"अगं, दूध पातळ येत असेल. तुपाला हात आखडू नकोस," त्या म्हणायच्या.

"अहो आई, खातेय मी."

"मग सुंठ वाढव."

मी सुंठ वाढवायचे. अंग भट्टीसारखं तापायचं, छाती दगडासारखी घट्ट व्हायची, आणि मुलगी दोन घोट घेऊन तोंड फिरवून किंचाळायची. मी आणखी एक लाडू खायचे.

खरं तर यायची होती ती माझी आई. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर इकडे येऊ शकत नाही म्हणून निदान आईने यावं, हे लग्न ठरलं तेव्हापासून गृहीत होतं. पण सिडनीत वहिनीलाही त्याच सुमाराला दिवस भरत होते. वहिनीला आई नाही. आईने फोनवर सांगितलं, "तिला कुणी नाही गं. तू काय, खंबीर आहेस." सगळ्या नातेवाइकांनी आईचं कौतुक केलं. सुनेसाठी लेकीला मागे ठेवणारी सासू कुठे बघायला मिळते, म्हणाले. मीही 'जा गं' म्हटलं. जिला आई नाही तिच्याशी आईवरून भांडायचं कसं? मी मूळची भांडखोर. ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठे म्हणून गप्प बसले नाही. या एका बाबतीत मात्र तोंडाला कुलूप घातलं आणि खंबीर होऊन बसले.

हेबामेने पेला पाहिला तेव्हा तिला हसू आवरेना. "हे आईचं दूध आहे, गाईचं नाही," ती म्हणाली. पण माझा चेहरा बघून हसणं थांबलं. तिने एका चिनी वैद्य बाईंचं नाव सुचवलं. इथल्या बऱ्याच हेबामे स्वतःही सुया टोचायला शिकतात, आणि ही त्या बाईंकडेच शिकली होती. मी म्हटलं, लाडवांनी होत नाही ते सुयांनी काय होणार? "आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली, "जाऊन तर बघा. मुलीचं वजन मी करतच राहीन."

मी गेले. मुलीला पोटाशी बांधून उ-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, पिशवीत ताज्या दुधाची छोटी बाटली घेऊन. दवाखाना एका जुन्या इमारतीत, दंतवैद्याच्या वर. बाई साठीच्या, केस आखूड कापलेले, आणि त्यांचं जर्मन माझ्यासारखंच खडबडीत. आम्ही दोघी चुका करत बोललो आणि कुणी कुणाला सुधारलं नाही. इतक्या आठवड्यांत मला पहिल्यांदा बोलायला सोपं वाटलं.

त्यांनी बाटली उजेडात धरून हलवली, दोन थेंब तळहातावर घेतले. त्यांनी हसून बाटली बाजूला ठेवली नाही याचंच मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही दूध बघतात. त्यांच्या शास्त्रात दूध म्हणजे रक्ताचंच रूप. महिन्याला खाली जाणारं रक्त बाळंतपणानंतर वर चढतं आणि दूध होतं. ते रक्त बनतं पोटात, अन्नातून. आणि त्याला वर ढकलते ती 'ची', आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळपासचं काहीतरी. बाई दमलेली असेल, रक्त खूप गेलं असेल, तर दूध पातळ आणि थोडं येतं, छाती मऊ राहते, दूध आपोआप गळतं, जीभ फिकट दिसते. अशा बाईला खाऊ घालायचं.

"म्हणजे मी," मी म्हटलं.

"तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "जीभ दाखवा."

माझी जीभ कडेने लाल होती. मग त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. नाडी ताणलेल्या तारेसारखी लागतेय, असं शेवटी म्हणाल्या. दूध कमी नाही, अडलंय. घट्ट, दुखरी छाती हे त्याचंच लक्षण. त्यात मी वरून सुंठ-मेथी-डिंक घालतेय, म्हणजे चुलीत लाकडं सारतेय आणि धुराडं बंद ठेवलंय. लाडू वाईट नाहीत, त्या म्हणाल्या, फक्त ते दुसऱ्या बाईचं औषध आहे.

"अडलंय कशाने?"

"यकृताने."

मी त्यांना ताबडतोब सांगितलं की माझे यकृताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हवं तर फोनवर दाखवते. त्या पहिल्यांदा हसल्या. ते यकृत नाही, म्हणाल्या. त्यांच्याकडे यकृत म्हणजे ज्याच्या जोरावर शरीरातलं सगळं वाहतं ठेवलं जातं ते. अंगात 'ची'च्या वाटा असतात; स्तन पोटाच्या वाटेवर आणि त्याचं टोक यकृताच्या वाटेवर. गिळलेला राग ती वाट बंद करतो. रागातलं दूध तापतं आणि मूल ते प्यायला कुरकुरतं, असंही त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात.

"मला राग वगैरे काही आलेला नाही," मी म्हटलं. माझं जर्मन एवढं बिनचूक कधी आलं नव्हतं.

त्यांनी त्यावर वाद घातला नाही. दोन्ही करंगळ्यांच्या नखांच्या कोपऱ्यात एकेक बारीक सुई टोचली, एवढी झोंबरी की मी मराठीत ओरडले. कानाच्या पाळीवर कसल्याशा बिया चिकटपट्टीने लावून दिल्या, अधूनमधून दाबायला. आणि खाण्याबद्दल सांगायला लागल्या. डुकराच्या पायांचं आणि शेंगदाण्यांचं सूप, तासन्‌तास उकळलेलं. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून शेंगदाणे, काळे तीळ, लाल खजूर एवढ्यावर तडजोड झाली. मी सांगितलं की दाणे आणि तीळ यांवरच आमचं निम्मं स्वयंपाकघर चालतं. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', त्या खूश होऊन म्हणाल्या.

मग त्या सहज बोलत राहिल्या. त्यांच्याकडेही बाळंतिणीला महिनाभर बाहेर पडू देत नाहीत, गार पाण्यात हात घालू देत नाहीत, वारा लागू देत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे सव्वा महिना, आणि कान बांधून. त्या म्हणाल्या, त्यांच्या वेळी त्यांच्या आईने महिनाभर त्यांना चमचासुद्धा धुऊ दिला नव्हता. आणि मग, सुया काढता काढता, त्यांनी विचारलं, "तुमची आई कुठे आहे?"

मी 'सिडनीत' म्हणाले आणि रडायला लागले. साधं नाही, धाय मोकलून. मुलगी दचकून जागी झाली आणि तीही रडू लागली. बाईंनी तिला उचलून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि चिनी भाषेत काहीतरी सांगत राहिल्या. मला गप्प करायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही.

त्यानंतर काय कशाने झालं ते मी ठामपणे सांगू शकत नाही. मी लाडू बंद केले, बिया दाबल्या, दाण्यांची आमटी केली. हेबामेने मला मुलीला दर थोड्या वेळाने छातीशी लावायला बसवलं, पकड कशी हवी ते दाखवलं, आणि डॉक्टरांनी वरच्या दुधाची एक बाटली सुरू केलीच. छातीचा दगड हळूहळू मऊ झाला. पुढच्या वेळी मुलीच्या वजनाने काटा थोडा जास्त खाली सरकला आणि हेबामेने माझ्या पाठीत एवढी थाप मारली की मी पुढे कलंडले. मुलगी पुढे निम्मी माझ्यावर आणि निम्मी बाटलीवर वाढली.

पण त्या बाईंचा प्रश्न मला सोडेना. एका सकाळी मुलगी पीत असतानाच मी आईला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. ती वहिनीसाठी खिमट करत होती, तेही तिने मला उत्साहाने सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू माझ्याकडे यायला हवी होतीस," मी म्हटलं. "मी खंबीर-बिंबीर काही नाहीये. तू तिला निवडलंस आणि वर सगळ्यांकडून शाबासकी घेतलीस. मला तुझा राग आलाय आई. भयंकर राग आलाय."

मला वाटलं, आता वहिनीची बाजू सुरू होणार. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुझ्या वेळी मला दूध आलंच नाही," ती म्हणाली. "तू डब्याच्या दुधावर वाढलीस. दादाच्या वेळीही तेच. तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आजीने बारशाला चार बायकांसमोर म्हटलं होतं, हिच्या अंगातच नाही. मी तुझ्याकडे आले असते आणि तुलाही आलं नसतं, तर तुझ्या सासरचे म्हणाले असते, आईवर गेली. तू म्हटलं नसतंस, पण तुझ्या मनात आलं असतं. सुनेचं माझ्यावर काही जाणार नाही ना. म्हणून म्हटलं, इथेच बरी मी."

एवढ्या वर्षांत दूधवाल्याच्या पातेल्यातली साय बोटाने उचलून बघणारी माझी आई, आणि हे एकदाही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. राग जायला हवा होता. गेला नाही. तो होता तिथेच होता, फक्त आता तो तिच्यावर काढता येईना.

"पितेय का आत्ता?" तिने विचारलं.

"हो."

"गिळतेय? आवाज येतो का बघ. बाकीच्या बायकांच्या बाळांचा यायचा."

मी फोन मुलीच्या गालाजवळ धरला. ती घुटघुट पीत होती. पलीकडे आई श्वास रोखून ऐकत होती.

मी फोन परत कानाला लावला. "आई, दूध आलं नसतं तरी चाललं असतं मला," मी म्हटलं. "तू हवी होतीस."

ती काहीतरी म्हणायला गेली, तेवढ्यात तिकडे दादाचं बाळ रडायला लागलं. "आले रे, आले," म्हणत तिने फोन ओट्यावर ठेवला. कट करायला ती विसरली. लांबून तिचा आवाज येत राहिला. त्याला थोपटणारा, काहीबाही गुणगुणणारा. मीही फोन कट केला नाही. मुलगी पिऊन झोपेपर्यंत मी ते ऐकत बसले.