अब्बांच्या दारावरची लॅटिन पाटी

लॅटिन भाषेत मी आमच्या धडधाकट अब्बांना पुरलं आहे, आणि तेही घराच्या दारावर.

माझ्या थोरल्या बहिणीला, शमीमआपाला, पाहायला पुण्याच्या कॅम्पातली मंडळी यायची होती. मुलाच्या वडिलांच्या दारावर म्हणे संगमरवरात फारसीत कोरलेलं, की घराणं थेट इराणचं. आमचे अब्बा खडकीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, पण ऐट सेनापतीची!

"आपण तुर्क," अब्बांनी जाहीर केलं. "त्यांची फारसी, तर आपलं लॅटिन. सलीम कॉलेजात शिकतोय ते काय उगाच?"

(त्या वर्गात पंखा होता, म्हणून मी लॅटिन घेतलेलं.)

'अस्सल तुर्की वंश, शुद्ध रक्त' याला शब्द शोधताना मला घाम फुटला. एक सापडला, तो मुळात झाडाच्या बुंध्याचा. दुसरा माणसांना चाले, तसाच गुरांनाही. आता अब्बांना बुंधा म्हणू की बैल? शेवटी पाठ्यपुस्तकातल्या एका रोमन शिळेवरचा मजकूर उचलला, नावं बदलली आणि रंगाऱ्याला दिला. पाटी इतकी भारदस्त, की गल्लीतल्या शेळ्यासुद्धा अदबीने जाऊ लागल्या.

पाहुणे आले. सोबत मुलाचे मामू, वकील. ते दारातच थबकले.

"इस्माईल, दाऊदचा मुलगा, खडकीचा, इथे दफन आहे," त्यांनी अर्थ सांगितला. "अहो, ही कबरीवरची पाटी आहे."

इस्माईल म्हणजे आमचे अब्बा. ते समोरच सरबताचा ट्रे घेऊन उभे होते. आपाच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

"आणि तुर्क कुठे लिहिलंय?" अब्बांनी विचारलं.

"कुठेच नाही. बापाचं नाव आणि गाव, बस्स."

अब्बांनी ट्रे खाली ठेवला. आपाचं लग्न माझ्या लॅटिनपायी मोडलं, हे मी मनात पक्कं केलं.

"मग चुकलं काय?" अब्बा म्हणाले. "माझा बाप खडकीचा, मी खडकीचा. तुर्कस्तानात मला कुत्रं ओळखत नाही. इथे स्टेशनवरचं शेपूट हलवतं."

मुलाचे वडील दाराशीच्या खुर्चीत टेकले. "आमचं इराण म्हणजे तरी काय हो," ते हळूच म्हणाले. "पणजोबा विश्रांतवाडीचे. त्याआधीचं कुणालाच माहीत नाही."

लग्न ठरलं. मी पाटी उतरवायला स्टूल आणलं, तर अब्बा गरजले, "हात लावू नकोस. खडकीचा लिहिलंय!"

पुढे आमचे लॅटिनचे सर मुद्दाम पाटी बघायला आले. चष्मा पुसून दोनदा वाचली.

"सलीम, आयुष्यात पहिल्यांदा तुझी ओळ बिनचूक आलीय," ते म्हणाले. "फक्त मयत आत बसून चहा पितोय."