दोन सेकंदांची बचत

बंद मिलच्या कामगारांच्या नोंदी आमच्या ऑफिसात कंप्यूटरवर होत्या आणि त्या सांभाळायला एक अतिहुशार गृहस्थ होते. मशीनला दोन सेकंद लागले तरी त्यांचा पाय हलायला लागायचा. मध्येच लाइट गेली तर फाइल बिघडू नये, म्हणून मशीन प्रत्येक बदल आधी जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टिपून ठेवायचं. यांनी तेच बंद केलं.

"भिया, फालतू टाइम खातं!" मला भाऊ म्हणावं तसं भिया म्हणत ते म्हणाले.

आठवड्यात लाइट गेली आणि निम्म्या नोंदी खराब झाल्या. त्याबद्दल हे कुणाशी बोलले नाहीत. मग स्पिनिंग खात्यातले एक म्हातारे कामगार नोकरीचा दाखला मागायला आले.

"तुमचं नावच नाही काकाजी. तुम्ही मिलमध्ये नव्हतेच."

"मग तीस वर्षं मी रोज कुठे जात होतो, बेटा?"

"ते घरी विचारा," म्हणत गृहस्थांनी चहा मागवला.