चष्मेवाल्याचे डोळे

माझे सासरे चष्मेवाले. खाली दुकान, वर आमचं घर. बाबांच्या मते जगात डोळ्यांचं दुखणं एकच, नंबर. डोकं दुखलं, नंबर. जिन्यात ठेचकाळलात, नंबर. मी एकदा कांदा चिरताना रडत होते, तर त्यांनी माझाही नंबर तपासला.

मग त्यांचेच डोळे चुरचुरू लागले, संध्याकाळी अक्षरं धूसर व्हायला लागली, तेव्हा त्यांनी काय करावं? स्वतःसाठी नवा चष्मा केला. पुढे आणखी एक. मग आणखी. एकही लागू पडेना. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "चष्मेवाल्याने डोळे दाखवायला जायचं? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

हट्ट त्यांचा, ताप आम्हाला. वारा डोळ्यांना झोंबतो म्हणून पंखा बंद, आम्ही घामाघूम. दिवा टोचतो म्हणून जेवण अर्ध्या अंधारात. त्यांची स्कूटर सुटली, कॅरम सुटला. वर डोळ्यांतून सारखं पाणी, त्यामुळे गिऱ्हाइकं सासूबाईंना हळूच विचारायची, "घरी सगळं ठीक आहे ना?"

अशात माझ्या मुलीला शाळेत फळा दिसेना. मला वाटलं, नातीचा पहिला चष्मा, बाबा हौसेने करतील. तर छोटी फ्रेम हातात घेऊन ते म्हणाले, "दुसऱ्या दुकानातून आणा. हा बारीक स्क्रू मला आता दिसत नाही. दुकान बंद करावं म्हणतो."

मला रागही आला आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेले, ही मजा कोण सोडणार!

डॉक्टरीणबाईंनी नंबर तपासला, मग पापणीखाली कागदाची पट्टी अडकवली आणि थोडं थांबून ती किती भिजली ते पाहिलं. "नंबर जुन्या चष्म्याचाच बरोबर आहे. डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे? अहो, धारा लागतात!"

"खुपतात म्हणून पाणी सुटतं, पण ते वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही. बारीक काम करताना पापण्या मिटता का?"

"हे?" सासूबाई उसळल्या. "गिऱ्हाइकाला सांगतात, पापणी हलवू नका, आणि स्वतःच दगडासारखे बघत बसतात!"

बाबांना थेंब मिळाले, गरम शेक मिळाला, आणि सासूबाईंना आयता अधिकार मिळाला. त्या आता भाजी निवडायला दुकानातच बसतात आणि मधूनच हुकूम सोडतात, "मिटा!" जन्मात पहिल्यांदा नवरा ऐकतोय, असं गल्लीभर सांगतात. दुखणं पुरतं गेलेलं नाही, वाऱ्याच्या दिवशी कुरकुर असतेच. पण आमचा पंखा फिरतो आणि बाबा पुन्हा कॅरममध्ये हरतात.

एका दुपारी ते नातीचा चष्मा घेऊन बसले. स्क्रू निम्मा बसला आणि त्यांनी हात थांबवून डोळे मिटले.

"आजोबा, झोपलात?"

"नाही गं. तुझी आजी ओरडायच्या आत मिटून घेतले."

मग त्यांनी स्क्रू घट्ट केला आणि चष्मा तिच्या नाकावर बसवला. पोरगी दाराशी धावली आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या एकामागून एक मोठ्याने वाचत सुटली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, कितीतरी वेळ, पापणी न हलवता. सासूबाई समोरच होत्या. पण "मिटा" काही म्हणाल्या नाहीत.